स्नायूंचे विद्युत्-लेखन : चिन्ह आणि अनुमान

बॉस्टन विद्यापीठातील संशोधक कार्लो डी लूका यांचा ‘द यूज ऑफ सरफेस इलेक्ट्रोमायोग्राफी इन बायोमेकॅनिक्स’ हा निबंध १९९७ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बायोमेकॅनिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्वचेवर विद्युत्-अग्रे चिकटवून स्नायूंतील विद्युत्-क्रिया नोंदविण्याच्या शास्त्रात या निबंधाला पाठ्यग्रंथाचे स्थान लाभले आहे. तो वारंवार उद्धृत होतो. परंतु एखादा निबंध उद्धृत होणे आणि तो वाचला जाणे या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. ही पद्धती हाताळण्यास सोपी आहे आणि म्हणूनच तिचा दुरुपयोगही सोपा आहे, असा इशारा निबंधकाराने आरंभीच देऊन ठेवला आहे. त्या इशाऱ्याचे नेमके तात्पर्य काय, निबंधात ते शेवटपर्यंत पाळले गेले आहे काय, आणि नंतरच्या संशोधनाने त्यात कोणती भर घातली, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम हा लेख म्हणजे काय हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. मनुष्य स्वेच्छेने स्नायू आवळतो तेव्हा त्यात विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो, हे एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४९ च्या सुमारास दाखविले. मज्जारज्जूतील एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या आज्ञेत वागणारे सारे स्नायुतंतू मिळून जो घटक होतो त्यास प्रेरक एकक म्हणतात. चेतापेशीची आज्ञा पोहोचली की त्या तंतूंवरून विद्युत्-लहर सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने धावते. अशा अनेक एककांच्या लहरी मांस, मेद आणि त्वचा यांतून गाळून वर येतात, परस्परांत मिसळतात आणि त्यांची बेरीज यंत्रावर उमटते. या लेखाची उंची, म्हणजेच परमप्रसर, काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत असते. त्यातील बहुतेक ऊर्जा २० ते ५०० हर्ट्झ या कंप्रतांच्या दरम्यान सापडते. म्हणजे यंत्रावर जे उमटते ते आज्ञेचे चिन्ह होय. आज्ञेनुसार किती काम झाले, याचा निर्वाळा त्यात नसतो.

चिन्हावरून चिन्हिताकडे जाण्याचा मार्ग अनुमानाचा. त्या मार्गावरील धोका आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी ओळखला होता. जेथे धूर आहे तेथे अग्नी आहे, ही व्याप्ती निर्दोष होय. परंतु जेथे अग्नी आहे तेथे धूर आहे, असे कोणी म्हटल्यास ते टिकत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओल्या इंधनाचा संयोग ही तेथील उपाधी. उपाधी न सांगता केलेले अनुमान सदोष ठरते. डी लूका यांच्या निबंधाचे मर्म याच भाषेत नेमके सांगता येते. विद्युत्-लेखावरून स्नायूच्या हालचालीविषयी, बलाविषयी आणि थकव्याविषयी जी अनुमाने केली जातात, त्या प्रत्येकाच्या उपाधी शोधून मांडणे हा त्या निबंधाचा खरा उद्योग आहे. लेखावर परिणाम करणाऱ्या कारणांची त्यात केलेली वर्गवारी लांबलचक व काहीशी रुक्ष वाटते, परंतु निबंधाचा सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे.

तीन अनुमानांपैकी पहिले कालाविषयीचे : अमुक हालचालीत अमुक स्नायू केव्हा जागा झाला व केव्हा शांत झाला. येथे पद्धतीची बाजू सर्वांत बळकट आहे. तरीही दोन उपाधी सुटत नाहीत. विद्युत्-लहर उमटल्यानंतर बल प्रत्यक्ष जाणवू लागेपर्यंत काही दशक मिलिसेकंद जातात; जलद हालचालीत हे अंतर नगण्य नसते. दुसरी उपाधी शेजाऱ्याची. एका स्नायूवर ठेवलेल्या अग्रांना जवळच्या स्नायूची लहरही ऐकू येते, आणि मग जो स्नायू स्वस्थ आहे तोच काम करीत असल्याचा आभास होतो.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्या मुलांचे पाऊल आत वळते, त्यांच्या बाबतीत नडगीच्या पुढचा स्नायू दोषी की पोटरीच्या तळाशी दडलेला मागचा स्नायू दोषी, यावर कोणता कंडरा लांबवावा वा दुसरीकडे वळवावा हे ठरते. मागचा स्नायू खोल असल्याने त्वचेवरील अग्रांना तो नीट सापडत नाही. कॅलिफोर्नियातील जॅकेलिन पेरी यांनी चालण्याच्या अभ्यासात अशा स्नायूंसाठी बारीक तारेची अग्रे आत घालण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. वरवरच्या लेखावर विसंबून येथे चूक झाली तर तिची किंमत त्या मुलाचे पाऊल जन्मभर मोजते.

दुसरे अनुमान बलाविषयीचे. सर्वाधिक भ्रम येथेच माजला आहे आणि त्याचा उगम एका उत्तम संशोधनात आहे. १९५२ मध्ये लिपोल्ड यांनी पोटरीच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविले की, लांबी न बदलता केलेल्या आकुंचनात विद्युत्-क्रियेची बेरीज आणि ताण यांचे नाते सरळ रेषेचे असते. १९५४ मध्ये ब्रेंडा बिगलँड व लिपोल्ड यांनी पुढचे पाऊल टाकले. ताण तोच राहिला तरी स्नायू जितक्या वेगाने आखूड होतो तितकी विद्युत्-क्रिया वाढते, आणि स्नायू लांबत असताना तोच ताण कमी विद्युत्-क्रियेत निभावतो, असे त्यांना आढळले. पहिल्या प्रयोगाची सरळ रेषा पाठ्यपुस्तकांत गेली. दुसऱ्या प्रयोगाने घातलेली अट मात्र वाटेत गळाली. पुढे १९८३ मध्ये लॉरेन्स व डी लूका यांनी निरनिराळे स्नायू तपासले. अंगठा व तर्जनी यांच्यामधील लहान स्नायूत रेषा जवळजवळ सरळ आली. दंडातील द्विशिर स्नायूत व खांद्यावरील त्रिकोणी स्नायूत ती वाकली. म्हणजे एका स्नायूची व्याप्ती दुसऱ्यास लावता येत नाही. १९९७ च्या निबंधात डी लूका यांनी लांबी बदलणाऱ्या आकुंचनात परमप्रसरावरून बलाचे मोजमाप करण्याविषयी जो संयम सांगितला आहे, त्यास हा पूर्वानुभव कारण आहे.

उलट दिशेचे उदाहरण याहूनही बोलके आहे. उभा मनुष्य कमरेतून पूर्ण वाकला की पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंचा लेख एकाएकी स्तब्ध होतो, हे फ्लॉइड व सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात नोंदविले. धडाचा भार तर तोललेला असतोच. तो अस्थिबंध आणि ताणल्या गेलेल्या ऊती पेलतात. बल आहे आणि लेख नाही, अशी ही स्थिती. त्यातही १९९६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी बारीक तारेची अग्रे खोलवर घातली, तेव्हा आतील काही स्नायू त्या अवस्थेतही काम करीत असल्याचे दिसले. तेव्हा वरची शांतता ही आतली शांतता असेलच असे नाही. ओझी उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीवर ‘ताण नाही’ असा निर्णय केवळ स्तब्ध लेखावरून देणे किती धोक्याचे आहे, हे यावरून उघड व्हावे.

दोन व्यक्तींची तुलना करताना आणखी एक उपाधी आड येते. त्वचेखालील मेदाचा थर जाड असेल तर लेखाची उंची घटते. अग्रांची जागा थोडी सरकली तरी ती बदलते. म्हणून प्रत्येकाच्या कमाल ऐच्छिक आकुंचनाशी तुलना करून टक्केवारी काढण्याची रीत रूढ झाली. ही रीत उपयुक्त आहे खरी, परंतु ज्याला वेदना आहे तो कमाल जोर लावीत नाही. भाजक लहान झाला की भागाकार मोठा दिसतो, आणि दुखऱ्या स्नायूला ‘अतिश्रम’ होत असल्याचे खोटे निदान हाती येते. अमुक व्यायामात लेख उंच आला म्हणून त्या व्यायामाने स्नायू अधिक बळकट होईल, असे अनुमान क्रीडा व पुनर्वसन यांच्या वाङ्मयात सर्रास आढळते. २०१८ मध्ये व्हिगॉट्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अनुमानपद्धतीची सविस्तर झडती घेतली आणि लेखाच्या उंचीतील फरक हा प्रेरक एककांच्या वापरातील किंवा भविष्यातील स्नायुवृद्धीतील फरक मानता येत नाही, असे बजावले.

तिसरे अनुमान थकव्याविषयीचे. स्नायू दमला की लेखाच्या लहरी मंदावतात, हे जर्मनीतील पायपर यांनी १९१२ मध्येच टिपले होते. याचे प्रमुख कारण तंतूंवरून धावणाऱ्या लहरीचा वेग घटणे हे होय. लेखातील ऊर्जेचे दोन समान भाग करणारी जी मध्यक कंप्रता, तिच्या घसरणीवरून थकवा मोजण्याची पद्धत विकसित करण्यात डी लूका यांचा वाटा मोठा आहे. तिचे एक मोल निःसंशय आहे. थकवा म्हणजे बल टिकेनासे होण्याचा क्षण, ही जुनी समजूत तिने मोडली. बल अढळ राखलेले असतानाही आकुंचनाच्या आरंभापासूनच मध्यक कंप्रता उतरू लागते. कडा कोसळण्यापूर्वी तो आतून खचत असतो, तसे हे आहे.

तथापि निबंधाचा संयम याच ठिकाणी थोडा सैल झालेला दिसतो. बलाच्या प्रकरणात उपाधींचा काटेकोर हिशेब करणारी लेखणी थकव्याच्या प्रकरणात अधिक आशावादी होते. वस्तुतः उपाधी येथेही तितक्याच आहेत. स्नायू थंड पडला तर लहरीचा वेग घटतो आणि मध्यक कंप्रता थकव्याविनाच उतरते. हालचालीत स्नायू अग्रांखालून सरकतो, त्याची लांबी बदलते, आणि कंप्रतेतील फरक थकव्याचा की स्थानबदलाचा हे सांगणे कठीण होते. शिवाय दीर्घ श्रमानंतर मध्यक कंप्रता काही मिनिटांत पूर्वपदावर येते. परंतु एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये वर्णिलेली बलातील तूट, जी मंद गतीने दिलेल्या विद्युत्-उद्दीपनात विशेष दिसते, ती कित्येक तास टिकते. लेख म्हणतो विश्रांती झाली, स्नायू म्हणतो नाही झाली. यंत्रावर विसंबून कामगाराला किंवा खेळाडूला पुन्हा कामाला जुंपणाऱ्याने यांपैकी कोणाचे ऐकावे?

कंबरदुखीच्या रुग्णांवरील प्रयोगातही हीच अडचण आहे. १९८९ मध्ये बॉस्टन येथील रॉय, डी लूका व कॅसाव्हंट यांनी मध्यक कंप्रतेच्या आधारे कंबरदुखी असलेले व नसलेले यांना वेगळे काढून दाखविले. हे काम महत्त्वाचे आहे. परंतु परीक्षेतील भार कमाल बलाच्या ठरावीक टक्केवारीने ठरविलेला होता. आणि वेदनाग्रस्त मनुष्याचे कमाल बल हे त्याच्या इच्छेवर व भीतीवर अवलंबून असते. रुग्णाच्या मर्जीपासून मुक्त असे माप शोधताना ती मर्जी मागच्या दाराने पुन्हा आत येते.

निबंधाविषयीची मुख्य तक्रार मात्र याहून व्यापक आहे. स्नायू दमत चालला की तोच भार पेलताना लेखाची उंची वाढते, हे कॉब व फोर्ब्स यांनी १९२३ मध्ये पाहिले होते. म्हणजे उंच झालेला लेख ‘बल वाढले’ असेही म्हणतो आणि ‘थकवा आला’ असेही म्हणतो. एका चिन्हाचे दोन चिन्हित असले की चिन्ह कितीही स्वच्छ उमटविले तरी संदिग्धता राहतेच. डी लूका यांनी उपाय सुचविले ते बहुतांशी चिन्ह स्वच्छ करण्याचे : अग्रांतील अंतर १० मिलिमीटर ठेवावे, ती कंडरा व चेतातंतूंचा प्रवेशभाग यांच्या मधोमध लावावी, इत्यादी. युरोपीय देशांच्या ‘सेनियाम’ प्रकल्पाने पुढे २० मिलिमीटर अंतराची शिफारस केली. दोन्ही शिफारशींमागे विचार आहे. एकीत शेजारच्या स्नायूची ढवळाढवळ कमी, दुसरीत लेख अधिक स्थिर. परंतु अंतर १० असो वा २०, त्याने अनुमानाचा दोष जात नाही. शिवाय प्रेरक एककांच्या उलटसुलट लहरी बेरजेत परस्परांना खोडून काढतात आणि त्यामुळे लेखाची उंची आज्ञेच्या मानाने कमी भरते, ही गोष्ट नंतरच्या संशोधनाने ठळक केली. १९९७ च्या निबंधात तिला मिळायला हवे होते ते स्थान मिळालेले नाही.

गेल्या काही दशकांत डझनावारी अग्रांच्या जाळ्या वापरून लेख विलग करण्याची आणि एकेका प्रेरक एककाचे स्पंदन ओळखण्याची तंत्रे पुढे आली आहेत. त्यांनी आज्ञेचे वाचन पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमके केले. पण नेमके झाले ते आज्ञेचेच वाचन. आज्ञेपासून बलापर्यंतचा प्रवास स्नायूची लांबी, वेग, तापमान, इंधन आणि पूर्वश्रम यांतूनच होतो. तो मोजायचा तर बलमापक हवा, सांध्याचा कोन हवा, आणि कोठे कोठे रुग्णाचे बोलणेही हवे.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने हा निबंध वाचावा तो यासाठी. प्रबंधात ‘स्नायूने अधिक बल लावले’ असे लिहिण्यापूर्वी लांबी बदलत होती काय, वेग किती होता, स्नायू दमलेला होता काय, अग्रे कोठे होती आणि तुलनेचा आधार कोणता, या पाच प्रश्नांची उत्तरे त्याच पानावर असावीत. ती नसतील तर ‘लेखाची उंची वाढली’ एवढेच लिहावे. ते कमी भासेल, पण खरे असेल. आणि त्यावर उद्या दुसऱ्या कोणाला काही उभारता येईल. डी लूका यांच्या निबंधात काही ठिकाणी आशा पुराव्याच्या पुढे धावली आहे. तरीही या शास्त्राला स्वतःच्या उपाधी मोजण्याची सवय ज्या लेखनाने लावली त्यात त्याचे स्थान अग्रभागी आहे, आणि त्यातील उणिवा तपासण्याची मापेही पुष्कळशी त्यानेच पुरविलेली आहेत.