प्रामाणिक उत्तराची किंमत

विल्यम व्हाइट या अमेरिकन लेखकाचे ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ हे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. नोकरी देताना कंपन्या ज्या व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतात, त्यांना कसे चकवावे याचे धडे त्याच्या परिशिष्टात आहेत. सल्ला साधा आहे : चारचौघांना शोभेल असे, मधले, बेताचे उत्तर द्या. माणसाच्या मनात डोकावण्याचा अधिकार कंपनीला नाही, हा व्हाइट यांचा रोख योग्यच आहे. परंतु चारचौघांचे उत्तर कोणते, हे मुळात ठाऊक कोणाला असते, हा प्रश्न ते विचारीत नाहीत.

हे ‘चारचौघे’ कोण, ते एम.एम.पी.आय. या गाजलेल्या चाचणीवरून कळते. १९४३ च्या या चाचणीत ‘नॉर्मल’ माणूस ठरला तो मिनेसोटातील इस्पितळात रुग्णांना भेटायला आलेल्या, बहुतांशी गोऱ्या लोकांवरून. खोटे पकडण्याची सोय तीत आहे. किरकोळ दोषही जो नाकारतो त्याच्यावर संशय घेतला जातो. सराईत माणूस मग दोनचार किरकोळ दोष कबूल करून मोकळा होतो. १९७२ साली माल्कम गिंथर यांनी दाखवले की, या गोऱ्या मापाने काळ्यांना मोजणे भेदभावाला वाट करून देईल. शिक्षण व उत्पन्न सारखे धरले की हा फरक बराच घटतो, असे पुढच्या काही अभ्यासकांना आढळले. म्हणजे मोजली गेली परिस्थिती. शिक्का बसला मनावर!

माझ्या एका विद्यार्थ्यापुढे नोकरीसाठी अशीच प्रश्नपत्रिका आली. ‘लोक माझ्या पाठीमागे बोलतात’ या विधानापुढे त्याने ‘होय’ अशी खूण केली. आडनाव कळल्यानंतर वसतिगृहात काय बोलले गेले, ते त्याने कानांनी ऐकले होते. त्याच्या सोबत्याला कचेरीतल्या काकांनी उत्तरे आधीच घोकून दिली होती. सोबत्याला बोलावणे आले, याला आले नाही. कारण कोणी सांगितले नाही.

“सर, पुढच्या वेळी ‘नाही’ लिहू का?” त्याने विचारले. मी ‘लिही’ म्हणालो. घरी खाणारी पाच तोंडे होती.

आपले आत्मकथन उभे राहिले ते हेच ‘होय’ निर्भयपणे लिहून. वर्गात मी ते शिकवतो आणि वर्गाबाहेर ते खोडायला सांगतो. चाचणीला फसवणे सोपे आहे. पण फसवण्याचे शिक्षण ज्याच्या घरात आहे त्याला ती हुशारी वाटते. आपल्या मुलाला मात्र त्यासाठी स्वतःचा अनुभवच नाकारावा लागतो. अशा चाचणीला शास्त्र कसे म्हणावे?