साक्षीत न मावणारी बाई : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

दोन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण प्रबंधाचं तिसरं प्रकरण मोडून पुन्हा लिहीत होते. नवीन वाचकांसाठी सांगते, माझा विषय मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रं. (‘म्हणजे रेव्हरंड टिळक का?’ हो, तेही. आणि त्यांच्या आधीचे, नंतरचेही.) प्रकरण मोडावं लागलं त्याला कारण आमच्या चर्चच्या तरुण संघातली एक बैठक. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बैठकीचा विषय होता ‘विवाह आणि पावित्र्य’. मी साहित्याची विद्यार्थिनी, म्हणून मला अर्धा तास दिला होता. मी ठरवलं, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधला ताटातुटीचा आणि पुन्हा एकत्र येण्याचा भाग सांगायचा. आदल्या दिवशी एका वडीलधाऱ्यांनी फोन करून विचारलं, काय सांगणार? मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अगं पण त्यात पावित्र्याचं काय आहे? ती तर नवराबायकोची भांडणं. तू आपलं गीतरत्न घे.’’ मी गीतरत्न घेतलं. त्यातला वर म्हणजे ख्रिस्त आणि वधू म्हणजे मंडळी, असं नेहमीचंच सांगितलं. समोर बसलेली पंचविशीतली मुलंमुली, त्यातली दोन जोडपी लग्नाला आलेली, माना डोलावून चहाला गेली. एकानेही प्रश्न विचारला नाही.

घरी येताना परळच्या पुलावर मला स्वतःचाच राग आला. वडीलधाऱ्यांचा नाही, कारण त्यांनी बोलता बोलता एक खरी गोष्ट सांगितली होती. आपल्याकडे ‘पावित्र्य’ हा शब्द नवराबायकोच्या रोजच्या जगण्याला लावतच नाहीत. तो लग्नाआधी काय करू नये एवढ्यापुरता असतो. लग्न झालं की विषय संपला.

आता जरा संशोधनाचं. मराठी ख्रिस्ती लेखनाचा मूळ साचा साक्षीचा आहे. साक्ष म्हणजे काय ते आपल्यापैकी उपासनेला जाणाऱ्यांना सांगायला नको: मी अंधारात होतो, मग प्रभू भेटला, आता उजेडात आहे. या साच्यात शरीर, वासना, लैंगिक दुःख या सगळ्याला एकच जागा असते, ‘आधी’ची. आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याचं असतं. बाबा पदमनजींचंच बघा. १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच साली ‘व्यभिचारनिषेधक बोध’ हे त्यांचं पुस्तक आलं. तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’. त्यात विधवांचे हाल आहेत, लपवलेली गर्भारपणं आहेत, त्या काळात कुणी छापायला धजणार नाही असं बरंच आहे. शेवटी यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते आणि कादंबरी तिथे थांबते. पदमनजींचं धाडस मोठंच होतं. पण तुम्ही सलग वाचलंत तर एक गोष्ट खटकेल. सगळं बोलणं हिंदू घरांबद्दल आहे. दुसऱ्या लग्नानंतर ख्रिस्ती यमुनेच्या संसारात काय झालं, तिला तो नवरा आवडला का, तिला पहिला आठवायचा का, हे विचारायची सोयच लेखकाने ठेवलेली नाही. उजेडात गेल्यावर प्रश्न कसले?

माझ्या जुन्या मसुद्यात मी ‘स्मृतिचित्रे’ याच रांगेत बसवलं होतं. आधी सोवळं, मग बाप्तिस्मा, मग मुक्ती. मार्गदर्शक मॅडमनी समासात एवढंच लिहिलं होतं: ‘पुस्तक पुन्हा वाचा.’ तेव्हा अपमान वाटला होता.

पुन्हा वाचलं, आणि लक्षात आलं की लक्ष्मीबाईंना हा साचा ठाऊक असूनही त्या त्यात बसत नाहीत. आठवणी सुरू होतात त्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, बायकापोरांनी सतत भिजत राहायचं. म्हणजे पहिल्या पानांपासून विषय आहे स्पर्शाचा. कोण कुणाला शिवू शकतं, कुणाच्या हातचं पोटात जाऊ शकतं. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, बुद्धिमान, प्रेमळ आणि भयंकर तापट. रागावला की न सांगता निघून जाणारा, मग रडवेला होऊन परत येणारा. लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात. (हे हसणं समीक्षकांना इतकं आवडतं की त्यामागे किती भीती होती हे आपण विसरतो. मीही विसरले होते.)

१० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरी लहानगा दत्तू. त्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जाता येत नाही. गेलं तर जात जाते, न गेलं तर नवरा. याला तुम्ही धर्माचा प्रश्न म्हणाल की शरीराचा? मला आता हे दोन वेगळे करता येत नाहीत.

इथे एक कायदा मध्ये येतो, तो जरा सविस्तर सांगते, कारण प्रकरणाचा कणाच तिथे आहे. १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको धर्माच्या कारणाने त्याच्याजवळ राहायला तयार नसेल, तर नवऱ्याने कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाने बायकोला बोलावून विचारायचं. ती नाही म्हणाली तर एक वर्ष थांबायचं. वर्षानेही नाहीच म्हणाली तर लग्न मोडलं, दोघं पुन्हा लग्न करायला मोकळी. कायदा क्रूर नाही, उलट त्या काळाच्या मानाने समंजस म्हणावा असाच आहे. पण त्याच्या दृष्टीने बायकोची उत्तरं दोनच: येते किंवा येत नाही. टिळकांनी ती वाट धरली नाही. आणि लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी जे उत्तर दिलं ते कायद्यात बसणारं नव्हतं. त्या आल्या, पण स्वतःची चूल घेऊन आल्या. नवऱ्यापाशी राहायचं, त्याच्या हातचं खायचं नाही. सोवळं चालू. तो प्रार्थना करणार, ही आपला स्वयंपाक वेगळा मांडणार. स्वतःचा बाप्तिस्मा तिने १९०० साली घेतला, स्वतःच्या वेळेने, आपली जातीची समजूत एकेक पायरीने उतरवत.

या मधल्या दिवसांबद्दल ‘साक्षी’कडे काही शब्दच नाहीत. ती अंधारात नाही आणि उजेडातही नाही. ती एका माणसावर प्रेम करते, त्याच्या देवाला घाबरते, त्याच्या हातच्या पाण्याला घाबरते, आणि तरी राहते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढून बघा. विश्वास न ठेवणारी बायको राहायला राजी असेल तर नवऱ्याने तिला टाकू नये, आणि नवराबायकोने एकमेकांपासून दूर राहायचं तर ते दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरतं. आमच्या तरुण संघात या अध्यायावर बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. लक्ष्मीबाई मात्र तोच अध्याय जगत होत्या, आणि तोही ख्रिस्ती होण्याआधी!

तुम्ही म्हणाल, पण त्या लैंगिक संबंधाबद्दल एक अक्षर तरी लिहितात का? जवळजवळ नाही. मी हे झाकणार नाही. माझा दावा वेगळा आहे. शय्येबद्दल बोलणं म्हणजेच मोकळेपणा, असं आपण धरून चालतो. लक्ष्मीबाई शय्येच्या दारापर्यंत सगळं सांगतात: राग, भूक, माराची धास्ती, लहानपणी गेलेली मुलं, विरहातलं वेडंपिसं होणं, परत येतानाची लाज. दार लोटून घेतात तो त्यांचा हक्क. पण ते दार या घरात नव्हतंच, असा आव त्या आणत नाहीत.

इंग्रजी भाषांतरांची नावं या बाबतीत बघण्यासारखी आहेत. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांचं भाषांतर आलं, ‘आय फॉलो आफ्टर’. नावाला पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा वास आहे, बाई भक्त झाली. २०१७ साली शांता गोखले यांचं आलं, त्याच्या उपशीर्षकात ‘स्पिरिटेड वाइफ’ आहे, बाई बाणेदार बायको झाली. गोखल्यांचं भाषांतर मला मनापासून आवडतं. पण दोन्ही नावं शेजारी ठेवली की दिसतं, पुस्तकाची वाटणी झाली आहे. चर्चने श्रद्धा घेतली, स्त्रीवादी वाचनाने संसार घेतला. मूळ पुस्तकात मात्र चूल आणि प्रार्थना एकाच खोलीत आहेत.

आता माझी तक्रार, कारण नुसती आरती ओवाळायला मी बसलेले नाही. लक्ष्मीबाईंच्या आध्यात्मिक वाढीचा मोठा टप्पा म्हणजे दुसऱ्याच्या हातचं अन्नपाणी घेता येणं. त्यांच्या बाजूने हा मोठाच विजय. पण ज्यांच्या हातचं घ्यायचं, त्यांच्या बाजूने? माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. त्यांच्या शरीराला शिवणं हा कुणाच्या तरी वाढीचा टप्पा ठरला, त्यांचं स्वतःचं शरीर काय म्हणत होतं ते कुणी लिहून घेतलं नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याची यादी काढा: पदमनजी, रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई. मंडळीत बहुसंख्य आम्ही, आणि आत्मचरित्रं वरच्या घरांतून आलेल्यांची. हे लक्ष्मीबाईंचं पाप नाही. पण तिसऱ्या प्रकरणात ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

म्हणून आजीला विचारलं. आजी लालबागच्या चाळीत नांदली, आजोबा गिरणीत. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. मी भीत भीत विचारलं, आजी, तुमचं दोघांचं कसं काय होतं? ती आधी हसली. मग म्हणाली, ‘‘तीन झाली तेव्हा हे मुकादमाला सांगून रातपाळी घ्यायला लागले. चौथं नको होतं. मी दिवसा धुणीभांडी, हे रात्री गिरणीत. दोन वर्षं तशी काढली.’’

‘‘पाळकांना विचारलं नाहीस?’’

‘‘पाळकांना काय विचारायचं? देवाला सांगितलं होतं.’’

दोघांच्या संमतीने, काही काळापुरतं. पौलाला हे आवडलं असतं असं वाटून मी खूश झाले. आजी पुढे म्हणाली, ‘‘पण ती दोन वर्षं लई वाईट गेली. माणूस आहे आणि नाही.’’ मग माझी खुशी गेली.

तेव्हा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आसपास राहणाऱ्या कॅथलिक शेजाऱ्यांना १९६८ मध्ये पोपचं ‘ह्युमाने व्हिटे’ हे परिपत्रक मिळालं, कृत्रिम साधनांना स्पष्ट मनाई करणारं. त्याआधी नेमलेल्या आयोगावर मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस होते. ते परिपत्रक पटो न पटो, निदान भांडायला समोर एक कागद होता. आमच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजीला ना कुणी मनाई केली, ना कुणी बोललं. नुसती शांतता.

तसं बघितलं तर बोलणारा माणूस जवळच होऊन गेला होता. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनचं. तिथे रघुनाथ धोंडो कर्वे गणित शिकवत. संततिनियमनाचा जाहीर प्रचार केल्याने १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. गंमत अशी, की कर्व्यांच्या सावत्र आई, बाया कर्वे, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. ते सदन १८८९ मध्ये सुरू झालं तेही चौपाटीजवळच. विधवेला शिकवून नवं आयुष्य देणाऱ्या ख्रिस्ती परंपरेला, त्याच घरातल्या मुलाने नवराबायकोच्या शय्येबद्दल तोंड उघडलेलं सोसलं नाही. कर्वे नास्तिक होते, त्यांना चर्चशी संवाद नकोच होता, हेही खरं. त्यांचा चौकोनी तर्क वाचताना मला कधी कधी गुदमरायला होतं. त्यांच्याकडे प्रश्नाला उत्तर असतं, पण आजीच्या ‘माणूस आहे आणि नाही’ला नसतं.

१९३४ हे साल मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे. त्या वर्षी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर मुंबईत अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. त्याच वर्षी ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. एकीकडे शय्येबद्दल बोलणारा देवाला वगळून बोलतो, दुसरीकडे देवाबद्दल बोलणारी शय्येच्या दारापर्यंत येऊन थांबते. प्रकरणाची नवी सुरुवात मी या दोन घटनांनी केली आहे. मॅडमनी अजून काही म्हटलेलं नाही.

एक राहिलं. गेल्या रविवारी उपासनेनंतर आजीला तो एकत्र येण्याचा भाग वाचून दाखवला, जो तरुण संघात वाचायचा राहिला होता. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोप लागली. वेगळ्या चुलीचा भाग आला तशी म्हणाली, ‘‘थांब. म्हणजे ह्या दोघांचा स्वैपाक वेगळा, आणि भांडी कोण घासायचं?’’

ते पुस्तकात शोधते आहे.