खांब कोणी तोडले?

१९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे मरा फेडरल बिल्डिंग या नऊमजली सरकारी इमारतीसमोर उभ्या असलेल्या एका ट्रकमध्ये स्फोट झाला. इमारतीचा दर्शनी भाग कोसळला. १६८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत १९ बालके होती. ट्रकमध्ये अमोनियम नायट्रेटपासून केलेले सुमारे २,२०० किलो स्फोटक होते आणि त्यानेच हे सारे घडले, असा सरकारी खुलासा झाला.

या खुलाशाला पहिले मोठे आव्हान दिले ते बेंटन पार्टिन या अमेरिकी हवाई दलातील निवृत्त ब्रिगेडियर जनरलने. शस्त्रास्त्रांच्या कामाचा त्यांना दीर्घ अनुभव होता. जुलै १९९५ मध्ये त्यांनी मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा: हवेतून जाणाऱ्या स्फोटलहरीचा दाब अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की दाब एक-अष्टमांश. खांबांपर्यंत पोचेतो तो काँक्रीटच्या ताकदीपेक्षा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४५ किलोंपेक्षा, फारच कमी होतो. तेव्हा खांब ट्रकने तुटले नाहीत. ते आतून, खांबांना चिकटवलेल्या स्फोटकांनी तोडले असले पाहिजेत.

युक्तिवादाचा पहिला भाग आम्हांला मान्य आहे. आपल्या मोर्शी-वरूड भागात संत्र्याच्या बागांसाठी ज्यांनी विहिरी खणल्या, त्यांना तो पुस्तकाविना ठाऊक आहे. खडकाला छिद्र पाडून दारू ठासून भरली तर खडक फुटतो. तीच दारू खडकापासून चार हात दूर उडवली तर नुसता आवाज होतो. स्फोटाजवळ दाब झपाट्याने उतरतो, हे खरेच.

चूक पुढच्या पायरीत आहे. २४५ किलो ही काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद. खांब उभ्याने चेपला जाताना ती कामी येते. स्फोटलहर खांबाला चेपत नाही, आडवी रेटते. वर्गात खडू घ्या. दोन्ही टोकांकडून दाबा, तुटत नाही. मध्ये बोटाने आडवे रेटा, सहज मोडतो. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या जेमतेम एक-दशांश असते. आता हिशेब करू. समजा, अर्धा मीटर रुंद व सहा मीटर उंच खांबावर दर चौरस सेंटिमीटरला फक्त ७ किलो दाब आला. खांबाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ३०,००० चौरस सेंटिमीटर. एकूण आडवा रेटा २१० टन! तो काही सहस्रांश सेकंदच टिकतो हे खरे, पण विचार करायचा तो या रेट्याचा व त्याच्या अवधीचा.

दुसरी गोष्ट इमारतीच्या रचनेची. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या स्थापत्य अभियंत्यांच्या अहवालात ती सविस्तर दिली आहे. दर्शनी बाजूला वरच्या मजल्यांचे खांब सुमारे सहा-सहा मीटरवर होते, पण खाली ते बारा-बारा मीटरवर. वरचा भार तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरील एका मोठ्या तुळईने तोलला होता. ट्रकपासून जेमतेम पाच मीटरवरच्या खांबाच्या ठिकऱ्या उडाल्या. त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब आडव्या रेट्याने कापले गेले. बारा मीटरसाठी बांधलेल्या तुळईवर अठ्ठेचाळीस मीटरची जबाबदारी आली. ती पडली आणि तिच्यावरचे सारे पडले. अहवालानुसार, स्फोटाने थेट नष्ट झाले ते मजल्यांचे क्षेत्रफळ ४ टक्के. कोसळण्यासह ते ४२ टक्क्यांवर गेले. प्रत्येक खांबाला वेगळे स्फोटक मानण्याची गरजच उरत नाही.

मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजाराच्या २८ मजली इमारतीच्या तळघरात स्फोट झाला. प्राणहानी भीषण होती, पण इमारत उभी राहिली. नुसत्या स्फोटकाच्या वजनावरून इमारतीचे भवितव्य ठरत नाही. कोणता आधार गेला आणि त्याचा भार घ्यायला दुसरा कोणी होता का, हे पाहावे लागते.

भूकंपमापकाचा पुरावाही पुढे केला गेला. नॉर्मन येथील आलेखावर सुमारे दहा सेकंदांच्या अंतराने दोन लहरी दिसल्या. म्हणून स्फोट दोन, असे म्हटले गेले. पुढे २३ मे १९९५ रोजी उरलेली इमारत सुरुंगांनी पाडली, तेव्हाही नोंदीत तशाच दोन लहरी आल्या. एकाच धक्क्याच्या लहरी वेगवेगळ्या वेगांनी जमिनीतून जातात, हे त्याचे उत्तर. शंकेची परीक्षा प्रयोगाने व्हावी ती अशी.

मात्र सरकारी बाजूलाही एक दोष द्यावाच लागतो. स्फोटानंतर अवघ्या ३४ दिवसांत इमारत पाडली गेली. सुरक्षिततेची कारणे असतीलही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांना अवशेष स्वतः तपासण्याची संधी त्यामुळे कायमची गेली. जिथे पुरावा दिसेनासा होतो, तिथे संशयाला मुळे फुटतात.

विद्यार्थ्यांनी सरकारी खुलाशावर शंका घ्यावी का? अवश्य घ्यावी. पण शंका घेणाऱ्याच्या हुद्द्याने ती खरी ठरत नाही आणि खुलासा करणाऱ्याच्या शिक्क्यानेही नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा: कोणता दाब, कोणत्या दिशेने, किती वेळ आणि कशावर? हा प्रश्न विचारण्याची सवय वर्गात लागली, तर पुढे अफवाही फसवणार नाही आणि अहवालही.