गाविलगडावर पडलेला पूर्वज : कुलकथेची चिकित्सा

«आमचे मूळपुरुष गाविलगडावर कामास आले», हें विधान अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घराण्याच्या टिपणांत आढळलें तर संशोधकानें तें तत्काळ स्वीकारूं नये, आणि हंसण्यावारीही नेऊं नये. त्याची परीक्षा कोणत्या कसोट्यांनीं करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम प्रसंग निश्चित करावा. शके १७२५ रुधिरोद्गारी संवत्सरांत वऱ्हाडांत लागोपाठ दोन रणें झालीं. ता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं आडगांवच्या मैदानांत नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या फौजेचा वेलस्ली व स्टीव्हन्सन यांनीं मोड केला व अडतीस तोफा घेतल्या. तेथून निसटलेलें कवायती पायदळ गाविलगडावर चढलें, आणि तो किल्ला ता. १५ डिसेंबर रोजीं हल्ला करून इंग्रजांनीं घेतला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. आडगांव आज अकोला जिल्ह्यांत, तेल्हारा तालुक्यांत आहे. गाविलगड अमरावती जिल्ह्यांत, चिखलदऱ्याजवळ. एकाच शिपायाचा माग दोन्ही स्थळीं लागणें म्हणूनच संभवनीय आहे.

या दोन रणांविषयीं लिहिणारे बहुधा इंग्रजी खलित्यांवर विसंबतात. ते खलिते तत्कालीन खरे. पण शिपायाचें नांव शोधणारास ते फारसे उपयोगी नाहींत. आपल्या पक्षाचे मेलेले व जखमी इंग्रज पलटणवार मोजून देतात. प्रतिपक्षाकडील मृत हे त्यांच्या लेखीं केवळ «पुष्कळ». आडगांवास त्यांच्या ७४ व ७८ या पलटणींवर तुटून पडलेली टोळी पूर्णपणें कापली गेली; ती फारशी लोकांची असावी असा तर्क वेलस्लीनें नोंदविला आहे. ज्यांनीं समोरून मारिलें त्यांनाही मेलेले कोण हें ठाऊक नव्हतें! गाविलगडासंबंधीं नांव येतें तें बेनीसिंगाचें. प्रचलित कथनांत तोच किल्लेदार. वेलस्लीच्या खलित्यांत रजपूत शिबंदी व आडगांवाहून आलेलें पायदळ यांचा एकत्र उल्लेख करून पुढें बेनीसिंगाचें सरदारपण सांगितलें आहे. तें सरदारपण पायदळापुरतें कीं सर्व शिबंदीवर, हा प्रश्न त्या वाक्यरचनेवरून सुटत नाहीं. ज्याचें नांव टिकलें त्याच्या अधिकाराविषयीं जर ही संदिग्धता, तर नुसत्या बारगिराची वा प्याद्याची काय कथा?

म्हणून घराकडेच वळलें पाहिजे. परंतु घरांतील पुराव्यांचीही प्रतवारी आहे.

पहिली कसोटी पिढ्यांची. त्या रणांस दोनशेंहून अधिक वर्षें झालीं. पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरिलीं तर आजच्या वंशजापर्यंत सात ते नऊ पिढ्या याव्या. वंशावळींत चारच आढळल्या तर नांवें गळालीं, किंवा पुढील एखाद्या पुरुषावर मागल्याचा पराक्रम चढविला गेला. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें हा घोटाळा सहज होतो; दोन एकनामी पुरुष कालांतरानें एक होतात.

दुसरी कसोटी स्थलनामाची. या मुलखांतील मनुष्य «आडगांव» म्हणेल. कुलकथेंत «अरगांव» असें रूप असेल तर तें बहुधा इंग्रजी लेखनावरून आलें, आणि ती कथा छापील पुस्तक वाचल्यानंतर रचली वा सजविली गेली असा संशय घ्यावा.

तिसरी कसोटी सनदेची. रणांत पडलेल्याच्या मुलाबाळांस बालपरवेशी देण्याची मराठी राज्यांत चाल होती. असा कागद मिळाल्यास तो उत्तम पुरावा, कारण त्यांत मृताचें नांव, तो कोठें कामास आला तें स्थळ व वारसाचें नांव एकत्र येण्याचा संभव असतो. मात्र देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले व लगतचे परगणे तेवढे भोसल्यांकडे राहिले, आणि १८२२ सालीं तेही गेले. तेव्हां १८०३ नंतरची भोसल्यांची सनद वऱ्हाडांतील जमिनीविषयीं असेल तर ती जमीन कोणत्या परगण्यांतील हें आधीं पाहावें. राखलेल्या परगण्यांबाहेरची असल्यास कागद संशयास्पद होय. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावर इनामांच्या चौकशा झाल्या. त्या वेळीं हक्क सिद्ध करण्याची गरज असल्यानें पूर्वजांचे पराक्रम वाढविण्यास कारणही होतें. या फिरत्या अंमलामुळेंच एका घराचे कागद नागपूर, हैदराबाद व इंग्रजी दप्तर अशा तीन ठिकाणीं शोधावे लागतात.

चौथी कसोटी सर्वांत साधी व सर्वांत दुर्लक्षित : श्राद्धाची तिथि. आडगांवची लढाई पौर्णिमेच्या सुमारास झाली. सायंकाळनंतरचा पाठलाग चांदण्यांत झाल्याचें इंग्रज सांगतात, तें पंचांगाशीं जुळतें. गाविलगड पडला तो दिवस अमावास्येच्या लगतचा. घरांत चालत आलेली क्षयतिथि मार्गशीर्षी पौर्णिमेजवळची असेल तर कुलकथा गाविलगड म्हणत असली तरी पुरुष आडगांवास पडला असें मानण्यास आधार मिळतो. तसेंच पितृपक्षांतील चतुर्दशीस एखाद्या पूर्वजाचें श्राद्ध होत असल्यास तो शस्त्रानें वा अन्य अपघातानें मेला असावा. ही नोंद एकटी कांहीं सिद्ध करीत नाहीं; पण ती इनाम मिळविण्यासाठीं केलेली नसल्यामुळें तिला साक्षीचें मोल आहे. त्र्यंबक, काशी व गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेंही तेंच. बापाचें नांव तेथें मुलानें सांगितलें तें पितरांच्या उद्धारासाठीं, सरकारदरबारीं दाखविण्यासाठीं नव्हे.

दोन स्वतंत्र कसोट्या जुळल्या तर कथा संभवनीय मानावी; तिथि, पिढ्या व कागद हीं तिन्ही जुळलीं तर ग्राह्य. एकही न जुळल्यास ती दंतकथा म्हणून नोंदावी, पण टाकूं नये.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनीं वऱ्हाडांतील पोथ्या व कागद वांचविले, हें ऋण मोठें आहे. परंतु आपण सारे मोहर असलेली सनद जपतों, आणि देव्हाऱ्याच्या फळीवरील श्राद्धतिथींची मळकट यादी घरच्यांस परत देतों. सरदाराचें नांव शत्रूच्या खलित्यांतही राहतें. शिपायाचें नांव राहिलें असेल तर त्या यादींतच. तिची नक्कल करून घेतल्याशिवाय ते घर सोडूं नये.