आयलीनचा झगा, मॅग्डालेनाचं माप

रिचर्ड ग्लॅट्झर आणि वॉश वेस्टमोरलँड यांचा २००६ सालचा ‘किन्सेन्येरा’ आपण बहुधा गरोदर राहिलेल्या मुलीची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात पैशाचा हिशेब जास्त दिसतो.

किन्सेन्येरा म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ. जागा लॉस एंजेलिसमधलं इको पार्क, मेक्सिकन स्थलांतरितांची जुनी वस्ती. सुरुवातीलाच आयलीनचा समारंभ थाटात होतो, लांबलचक हमर लिमोझिनसकट. पुढची पाळी तिच्या नात्यातल्या मॅग्डालेनाची. तिचे वडील पहारेकरी, शिवाय छोट्या चर्चमधले धर्मोपदेशक. तिलाही हमरच हवी असते. वाट्याला येतो तो आयलीनचाच झगा, तिच्या मापानं उसवून शिवलेला.

इथं दिग्दर्शकांची नजर पक्की आहे. श्रीमंत गोरे आणि गरीब मेक्सिकन, एवढ्यावर ते थांबत नाहीत. एकाच समारंभात नाचणाऱ्या नातेवाइकांत कोण कुठल्या पायरीवर आहे, हे तो झगा सांगतो. भाषणाची गरजच पडत नाही.

माझी तक्रार आहे शेवटाबद्दल. रस्त्यावर चांपुरादो विकणारे म्हातारे तोमास भाड्यानं राहतात. नवे, पैसेवाले मालक येतात, घर सोडायची नोटीस देतात. पुढं तोमास वारतात. मग मॅग्डालेनाचा समारंभ होतो आणि आपण डोळे पुसत उठतो. नाती सांधली, हे खरंच. पण घर गेलं ते गेलंच. ऋण काढून सण करता येतो हो, भाड्याचं घर तसं परत मिळत नाही. हा प्रश्न चित्रपट स्वतःच उभा करतो आणि शेवटी वाजंत्रीच्या आवाजात सोडून देतो.