'लुसी' सिनेमा आणि पुराव्याशिवायचा प्रोफेसर



आज पेपर नाही, सिनेमा. ल्यूक बेसाँचा 'लुसी' (2014). परवा हॉस्टेलवर पुन्हा बघितला. दीड तासाचा थ्रिलर आहे, कंटाळा येत नाही. पण त्यातली माणसं पटत नाहीत. का पटत नाहीत, हे सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून लिहितेय.

तैपेईत लुसी (स्कार्लेट जोहान्सन) मिस्टर जँगच्या टोळीच्या तावडीत सापडते. ते तिच्या पोटात ड्रगची पिशवी शिवतात. मारहाणीत पिशवी फुटते आणि लुसीचा 'मेंदूचा वापर' 10 टक्क्यांवरून चढत 100 वर जातो.

आधी विज्ञान. आपण 10 टक्केच मेंदू वापरतो, हे खोटं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण ऊर्जा तो 20 टक्के खातो. नव्वद टक्के रिकाम्या बसलेल्या अवयवावर शरीर एवढा खर्च कशाला करेल?

पण एक अशक्य गोष्ट सिनेमाला माफ असते. 'मिस्टर इंडिया'तलं गायब करणारं यंत्र आपण मानतोच की! कारण तिथे नियम ठरलाय, लाल प्रकाशात माणूस दिसणार, आणि सिनेमा तो पाळतो. संशोधनातही गृहीतक धरायला हरकत नाही. ते धरल्यावर शेवटपर्यंत पाळावं लागतं.

'लुसी' इथेच घसरतो. इंग्रजी येत नाही म्हणून टॅक्सीवाल्याच्या पायात गोळी घालणारी लुसी मुख्य व्हिलन जँगला मात्र हातात सुरे खुपसून जिवंत सोडते. एवढी बुद्धी वाढली आणि तो मागे येईल हे कळलं नाही? खरं कारण एकच: जँग मेला तर पॅरिसमधला शेवटचा गोळीबार कोण करणार? म्हणजे निष्कर्ष आधी ठरला, मग पात्रं त्याप्रमाणे वाकवली.

सगळ्यात न पटणारा माणूस म्हणजे मॉर्गन फ्रीमनचा प्रोफेसर नॉर्मन. भरल्या सभागृहात तो टक्केवारी सांगत सुटतो. हे सिद्ध झालंय का, असं विचारल्यावर कबूल करतो की हे फक्त गृहीतक आहे. आणि लगेच म्हणतो, डार्विनलाही लोकांनी वेड्यात काढलं होतं! सभागृह खूश.

मी हसले, मग गप्प झाले. कारण माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मीही हेच केलं होतं. एका सरांनी विचारलं, "तुमचं कंट्रोल कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, नवीन कल्पनांना सुरुवातीला विरोध होतोच." टाळ्या पडल्या नाहीत. सहा महिने प्रयोग परत केले.

लक्षात ठेवा, डार्विनवर टीका झाली म्हणून तो बरोबर ठरला नाही. त्याच्याकडे वीसेक वर्षं जमवलेले पुरावे होते.

शेवटी लुसी सगळं ज्ञान एका पेन ड्राइव्हमध्ये देऊन अदृश्य होते. सोबत पद्धत नाही, नोंदवही नाही. आमच्या लॅबमध्ये असा डेटा सोडून गेलेल्या सीनियरला आम्ही अजून फोन करतो.

सिनेमा जरूर बघा. बघताना वही जवळ ठेवा आणि प्रत्येक वळणाला लिहा: हे पात्राने केलं, की लेखकाला हवं होतं? मग तीच वही घेऊन आपला सिनॉप्सिस वाचा.