दु:खातला अपूर्णविराम

शीर्षकातल्या पहिल्या शब्दात मी मुद्दाम विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकला आहे. मराठीत ही सरमिसळ सर्रास चालते आणि वाचकाचे काही अडत नाही. संगणकाचे अडते, युनिकोडमध्ये ही दोन वेगळी चिन्हे आहेत.

सॉफ्टवेअरने कसे वागावे हे ज्या साध्या मजकुराच्या फायलींत लिहितात, त्या कॉन्फिगरेशन फायलींत नोंदीचे तुकडे पाडायला विभाजक चिन्ह लागते. त्याला मी दोन कसोट्या लावतो. ते डोळ्यांना दिसावे आणि एरवीच्या मजकुरात येऊ नये.

पहिल्या कसोटीवर सपशेल नापास होते ‘मेक’. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ते लिहिले. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. आठ मोकळ्या जागा पडद्यावर टॅबसारख्याच दिसतात, तरी त्या दिल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून काम थांबते. ही खोड फेल्डमन यांना लवकरच कळली. पण तोवर डझनभर वापरणारे झाले होते, त्यांची घडी विस्कटू नये म्हणून ती राहिली. डझनभरांची ही भीड पुढच्या पिढ्यांना भलतीच महाग पडली.

अपूर्णविराम दिसतो, पण दुसऱ्या कसोटीवर पडतो. युनिक्सच्या ‘पासडब्ल्यूडी’ फायलीत प्रत्येक ओळीत सात रकाने असतात, मध्ये अपूर्णविराम. प्रोग्राम कुठे शोधायचे हे सांगणाऱ्या ‘पाथ’मध्येही तोच. एखाद्या फोल्डरचे नाव ‘दु:ख’ असे टंकले, तर तो पाथमध्ये घालायची सोयच नाही. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापुढे तो आधीच बसलेला, म्हणून तिथे अर्धविराम आला.

यॅमलचा तोडगा हुशार आहे: पुढे मोकळी जागा असेल तरच अपूर्णविराम विभाजक. दु:ख त्यात अखंड राहते. पण पुन्हा अर्थ टांगला तो न दिसणाऱ्या जागेवर. शिवाय मराठी कीबोर्डवरून तिथे विसर्ग उमटला, तर ओळ दिसते बिनचूक, विभाजक मात्र नसतोच.

खास विभाजनासाठी आस्कीत २८ ते ३१ क्रमांकांवर चार चिन्हे राखून ठेवली आहेत. मजकुरात ती येत नाहीत. मात्र कीबोर्डवर त्यांना कळ नाही आणि पडद्यावर ठरलेला आकार नाही.

माझे मत बरोबरच्या चिन्हाला. ते ठळक दिसते, देवनागरीत त्याचे जुळे भावंड नाही. टॉमलमध्ये डावीकडे नाव, मग =, मग अवतरणचिन्हांत मजकूर; आत काहीही येवो. फक्त डावीकडचे नाव देवनागरीत असेल, तर तेही अवतरणात घालावे लागते. रोमन नावांना ही सक्ती नाही.